छत बंद असताना

"जाताना एक्केचाळीस, येताना शहाऐंशी," ओवी शिंत्रे हातातल्या टॅबकडे बघत म्हणाली. "काकू, एवढा फरक मी आजवर एकाही कुत्र्यात बघितला नाही."

शोरूमच्या दारात पिवळी गाडी नुकतीच येऊन थांबली होती. उदयराव चौगुले अजून स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते. शेजारच्या सीटवर त्यांची बायको कल्याणी विस्कटलेले केस दोन्ही हातांनी बसवत होती. मागच्या अरुंद बाकावर ढेप जीभ एका बाजूला टाकून, डोळे अर्धे मिटून बसली होती. ढेप ही त्यांची सात वर्षांची कुत्री. जात सांगता येण्यासारखी नाही. रंग गुळाचा, आणि एकदा बसली की उचलूनच हलवावी लागते, म्हणून ढेप.

शिरोली नाक्यापर्यंत जाताना गाडीचं छत बंद होतं. परत येताना ते घडी होऊन मागे गेलं होतं.

"मी काय म्हणत होतो?" उदयराव म्हणाले. "तिला मोकळी हवा पाहिजे. डब्यात घालून नेलं तर कोण खूश होईल?"

"तुम्हाला बिनछताची बैलगाडी दाखवली असती तरी तुम्ही हेच म्हणाला असता," कल्याणी म्हणाली.

"बैलगाडीला एवढा पिकअप नसतोय."

ओवी हसली. तीन आठवड्यांत तिने या जोडप्याला तीन गाड्या दाखवल्या होत्या. पहिलीत माणसं दोन आणि कुत्र्यासाठी मागे नुसता खळगा. तिथे ढेपचा आकडा चव्वेचाळीसवर अडकला. दुसरी जीपसारखी दणकट, मागे एक वासरू मावेल एवढी जागा, पण तिचं छत सुटं करायला अर्धा तास लागायचा, म्हणून ती बंदच चालवून पाहिली होती. एकोणचाळीस. आणि आता ही. चार जणांची म्हणून विकायची, पण खरं तर दोन माणसं आणि एक कुत्रा यांच्याच मापाची.

उदयरावांनी छत्तीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत काढली होती. दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक ड्रम, हाउसिंग, ब्रॅकेट ओतता ओतता त्यांनी एकच हौस बाळगली होती: स्वतःसाठी एक गाडी घ्यायची, आणि ती अशी की मान वर केली तर आभाळ दिसावं. आता ते चौसष्ट वर्षांचे होते. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत. हातानं गाडी चालवायचा परवाना वेगळा काढावा लागे, तो साठीनंतर दर दोन वर्षांनी नवा करावा लागे, आणि असा परवाना बाळगणारे लोक आपसात पैलवानांसारखे वागत. उदयराव त्यांतलेच.

गाडी बघायची ती मात्र गुरुवारी. गुरुवार वाडीच्या दत्ताचा. चांगल्या कामाला हात घालायचा तर त्याच वारी, अशी त्यांची पद्धत होती, आणि त्याच वारी त्यांचा एकतीस वर्षांचा उपासही होता.

"आठ दिवस घरी नेऊन वापरा," ओवी म्हणाली. "गळपट्टा तिच्या गळ्यात राहू दे. पुढच्या गुरुवारी सगळा आलेख बघू आणि बुकिंग करू. ढेपताईंनी तर कौल दिलाच आहे."

त्या गळपट्ट्यानेच अलीकडे कुत्रा असलेल्या घरांची गाडीखरेदी बदलून टाकली होती. त्याच्या आतल्या बाजूला केसाहून पातळ तारांची जाळी असे. ती कातडीवरूनच हृदयाचे ठोके टिपी, आणि ठोक्यांपेक्षाही दोन ठोक्यांमधलं अंतर टिपी. निवांत प्राण्याचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वासाबरोबर ते किंचित लांबतं, किंचित आखडतं. काळजी लागली की ही ढिलाई जाते आणि ठोके शिस्तीत पडू लागतात. दुसरी गोष्ट हुंगण्याची. कुत्रं सहज श्वास घेतं तेव्हा मिनिटाला वीस-तीस वेळा, आणि एखाद्या वासाच्या मागे लागतं तेव्हा सेकंदाला पाच-सहा वेळा. लाखो कुत्र्यांच्या नोंदींवरून शिकलेलं गणित या दोन गोष्टी एकत्र करून शून्य ते शंभर असा एक आकडा काढी. लोक त्याला शांतांक म्हणत. सत्तरच्या वर असेल तर कुत्रा सुखात आहे असं समजायचं.

कल्याणीने एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम केलं होतं. तिला आकड्यांचा राग नव्हता. पण आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे बघायची सवय तिच्या हाडात होती. हा आकडा ढेपला कसं वाटतंय ते सांगत होता. का वाटतंय, याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

शुक्रवारी तिघं रंकाळ्यावर जाऊन आली. छत उघडं, शांतांक चौऱ्याऐंशी. शनिवारी ऊन कडक होतं म्हणून उदयरावांनी कुरकुरत छत बंद केलं आणि तिघं कागलपर्यंत गेली. घरी आल्यावर कल्याणीने आकडा पाहिला. ब्याऐंशी.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला.

"अहो, काल छत उघडं होतं ना?"

"काल उघडं. आज बंद. का?"

"काही नाही."

रविवारी तिने मुद्दाम छत बंद ठेवायला लावलं. पंच्याऐंशी. म्हणजे ढेपला बंद गाडीचं काही वाटत नव्हतं.

संघात असताना एखाद्या कॅनमधलं दूध नासलं की नवीन मुलं आधी कॅनला नावं ठेवत. कल्याणी विचारायची, कुठल्या वाटेवरचं, कुठल्या वारचं, कोणी भरलं. आता तिने तेच केलं. गळपट्टा गुरुवारी सकाळपासूनच ढेपच्या गळ्यात होता, त्यामुळे नोंद गाडीतलीच नव्हे तर घरातलीही होती. तिने गुरुवारचा आलेख उघडला. सकाळी दहापर्यंत रेघ वर, सरळ. साडेदहाला ती उतरू लागली. उघड्या छताच्या अर्ध्या तासात टेकडीसारखी वर गेली. घरी आल्यावर पुन्हा खाली. मग दुपारी पाऊण ते दीड मध्ये परत वर, आणि दीडनंतर परत खाली. संध्याकाळी साडेसातनंतर पूर्ववत.

पाऊण ते दीड. त्या वेळात घरात काय झालं होतं? काहीच नाही. उदयराव टायरची हवा बघायला पंपावर गेले होते, एवढंच.

म्हणजे दुपारी ते ढेपजवळ नव्हते तेवढाच वेळ रेघ वर होती.

रक्तातली साखर फार उतरली की शरीरात जे अनेक बदल होतात, त्यांतले काही उच्छ्वासात उतरतात. आयसोप्रीन नावाचं एक साधं संयुग अशा वेळी वाढतं, असं आढळलेलं आहे. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. कल्याणीच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला लागला असता, पण ते यंत्र कपाटाएवढं होतं. ढेपचं नाक बोराएवढं होतं.

उदयराव चौदा वर्षं मधुमेहाची गोळी घेत होते. तीच, जुनी. ती स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की नाही, हे ती विचारत नाही. आणि उपासाच्या दिवशी उदयराव काय खात? पूर्वी साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळी. डॉक्टरांनी साबुदाणा जपून खा म्हटल्यावर कल्याणीने साबुदाणा बंद केला. मग रताळं. मग केळी. देवाचा नियम त्यांनी पाळला आणि साखरेचं पथ्य तिने पाळून घेतलं. दोन्हींमधून उरलं काय, तर मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा, साडेसातच्या आरतीनंतर उपास सुटेपर्यंत. सकाळी आठची गोळी मात्र चुकली नाही कधी. ती तर कल्याणी स्वतःच त्यांच्या हातावर ठेवायची.

तीस वर्षं लोकांच्या दुधातली खोट शोधली, आणि हे घरात. तिने आलेख मिटवला नाही. तसाच ठेवला.

पुढच्या गुरुवारी गोळी तिने दिली, कारण ती बंद केली असती तर तपासता काहीच आलं नसतं. तिला स्वतःची थोडी लाज वाटली, पण तिने दिवसभर त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही.

"चल की, ओवी वाट बघत असेल," उदयराव अकरापासून म्हणत होते.

"जाऊ. बारा वाजू देत."

बाराला दहा कमी असताना ढेप उठली. उदयरावांच्या खुर्चीशी गेली, त्यांच्या कोपरात नाक खुपसलं, मागे सरकली, कल्याणीकडे येऊन तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिकडे गेली.

"हिला फिरायला जायचंय," उदयराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर बारीक घाम होता.

कल्याणीने साखर तपासायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. "बोट द्या."

"आज नको. उपासाला रक्त काढत नाहीत."

"कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"लिहिलं नाही म्हणून काय झालं? द्यायचं नाही बोट म्हणजे नाही."

"अहो, बोट द्या."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ते भांडले असते. त्यांनी बोट पुढे केलं.

अठ्ठावन्न.

तिने पेल्यात दोन चमचे साखर विरघळवून त्यांच्यासमोर ठेवली. "प्या. साखर उपासाला चालते. मधुमेहाला चालत नाही, ते मी बघते."

ते प्यायले. ती घड्याळाकडे बघत राहिली आणि टॅबवरच्या ढेपच्या रेघेकडे. बेचाळीस. सेहेचाळीस. पंधरा मिनिटांनी त्रेसष्ट. वीस मिनिटांनी एकोणऐंशी. ढेप फरशीवर पसरली आणि तिने पाय ताणले.

कल्याणीने त्यांना सगळं सांगितलं. आलेख दाखवला, गुरुवार दाखवला, पंपावर गेल्याची पाऊण ते दीडची वेळ दाखवली. "छताचा संबंध एवढाच, की छत उघडं असलं की तुमचा श्वास वाऱ्यावर जातो. मागे बसलेल्या कुत्रीपर्यंत पोचत नाही. तिला उघडी गाडी आवडते असं नाही. उघड्या गाडीत तिला काही कळत नाही."

उदयराव म्हणाले, "दीड महिन्यापूर्वी मी घरची जुनी गाडी घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो. ढेप बरोबर होती."

"गुरुवारी?"

"गुरुवारी. वाघबिळाच्या वळणावर ही कानाशी येऊन भुंकली. असली भुंकली, की मी दचकलो. बघतो तर गाडी उजव्या बाजूला. समोरून दुधाचा टेम्पो. त्यानं आई-बापाचा उद्धार केला माझ्या. वळणाआधीची चार-पाच सेकंदं मला आठवत नाहीत, कल्याणी."

"आणि मला सांगितलं, की बंद गाडीत ढेप घाबरते."

"मला तसंच वाटलं. वाटून घेतलं म्हण."

"आणि साखर मोजणारा तो दंडावरचा संवेदक? खाज येते म्हणून काढला होता ना तुम्ही?"

उदयरावांनी रिकामा पेला फिरवला. "परवान्याचा नवा नियम आहे. गोळी चालू असेल तर संवेदकाचे आकडे परिवहन खात्याला जोडायचे. साखर सत्तरच्या खाली गेली की परवाना तीन महिने बंद. फॉर्मवर विचारलं होतं, साखर उतरवणारी गोळी घेता का. मी नाही लिहिलं."

हे कल्याणीला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला खोटं बोलताना पाहिलं होतं, पण ते बहुतेक भजी कोणी खाल्ली याबद्दल.

"हे बघ," ते पुढे वाकून म्हणाले, "गोळीचं आपण बघू. डॉक्टरला विचारू. खाईन मी काहीतरी मधे. पण फॉर्मला हात लावायला नको. आज बुकिंग करून टाकू. छत उघडं ठेवलं की ढेप शांत. तिच्या जिवाला त्रास नाही."

"नाही. तिला त्रास नाही."

"मग?"

"तिला कळणार नाही, मला कळणार नाही, आणि तुम्हाला त्या वळणावरही कळलं नव्हतं. मग गाडीत कोणाला कळणार आहे?"

ते चिडले. "छत्तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलो मी. एक गोष्ट मागतोय. तू आता खात्याला कळवणार का माझं?"

"मी कोणाला कळवणार नाही," कल्याणी म्हणाली. "परवाना तुमचा आहे, फॉर्म तुमचा आहे. गाडी घ्या. हीच पिवळी घ्या, मलाही आवडलीय. पण मी तिच्यात बसणार नाही आणि ढेपला बसू देणार नाही. टेम्पोवाल्याचं काय ते तुम्ही ठरवा. त्याला तर विचारायलाही कोणी जाणार नाही."

उदयराव उठले आणि बाहेर गेले. गाडी दारातच होती. तिची किल्ली खुंटीला होती. कल्याणीने खिडकीतून पाहिलं. ते गाडीशेजारून चालत गेले, तिच्याकडे न बघता.

दुपारी त्यांचा पत्ता नव्हता. तिने ओवीला फोन करून आज जमत नाही म्हणून सांगितलं. ओवीने विचारलं, "काकू, ढेपचा आकडा घसरला काय?" कल्याणी म्हणाली, "नाही गं, ढेपचं सगळं बरोबर आहे."

साडेसातला आरती करून ते परत आले. हातात प्रसादाची पुडी होती. त्यांनी ती देवापुढे ठेवली, हातपाय धुतले, जेवले. ताट उचलून ठेवल्यावर टॅब घेऊन टेबलाशी बसले. बराच वेळ बोटाने काहीतरी वरखाली करत राहिले.

"कल्याणी, जरा इकडे ये."

ती आली.

"इथं 'नाही' लिहिलंय, ते 'हो' कसं करायचं? दाबलं की मागेच जातंय."

तिने चष्मा लावला. "आधी 'दुरुस्ती' दाबा. मग कारण लिहायला सांगेल."

"काय कारण लिहू?"

"जे आहे ते."

त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं. तिने वाचलं नाही.

परवाना तीन महिन्यांसाठी बंद झाला. डॉक्टरांनी जुनी गोळी थांबवून दुसरी दिली आणि कल्याणीकडे बघून म्हणाले, की उपास करायचा तर करू दे, पण दर चार तासांनी पोटात काहीतरी गेलं पाहिजे. दूध, रताळं, थोडी खिचडीसुद्धा. कल्याणीने मान खाली घालून ते लिहून घेतलं. उदयराव बाहेर आल्यावर म्हणाले, "बघ. साबुदाण्याला डॉक्टरचा पाठिंबा आहे," आणि तिला हसावं लागलं.

पिवळी गाडी त्यांनी घेतली, पण तीन महिने ती कल्याणीने चालवली. तिचा परवाना चालू होता, सवय गेली होती. ती ताशी चाळीसच्या वर जात नसे. शेजारी बसून उदयराव उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत, आणि मागून येणारा प्रत्येक रिक्षावाला त्यांना मागे टाकून गेला की डोळे मिटून घेत.

"ही गाडी शून्यावरून शंभरला पाच सेकंदांत जाते," ते एकदा म्हणाले.

"मग तिला सांगा, घाई नाही."

परवाना परत मिळाला तो गुरुवार नव्हता, बुधवार होता. पण हातात गाडी घेतली ती दुसऱ्या दिवशी, नियमाप्रमाणे. सकाळी दूध आणि रताळं झालं होतं. दंडावर संवेदक होता. तिघं पन्हाळ्याकडे निघाली. छत उघडं होतं, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि उदयराव इतकं चांगलं चालवत होते की कल्याणीने प्रथमच सीटला पाठ टेकली. वाऱ्यामुळे बोलता येत नव्हतं, ते बरंच वाटत होतं.

केर्लीच्या पुढे, घाट लागायच्या आधी, उदयरावांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. घाटाआधी एकदा विचारून घेऊ." त्यांनी बटण दाबलं. छत मागून उलगडत आलं आणि डोक्यावर बसलं. एकदम शांत झालं.

ढेप उभी राहिली. तिने दोन सीटांच्या मधून मान पुढे काढली, उदयरावांचा कान हुंगला, गाल हुंगला. मग नाक त्यांच्या कोपरात खुपसलं, आणि मागे वळून कल्याणीकडे पाहिलं.

कल्याणीने संवेदकाचा आकडा बघितला. "ब्याण्णव आहे. चांगला आहे."

"तो दहा-पंधरा मिनिटं मागे असतोय. डॉक्टर म्हणाले होते, तो रक्तातली मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो." उदयराव आरशातून ढेपकडे बघत होते. "हिचं काय म्हणणं आहे?"

गळपट्ट्याचा आकडा सत्तरच्या आसपास घुटमळत होता. एकाहत्तर. अडुसष्ट. सत्तर. त्यावरून काहीही म्हणता आलं असतं. नवी गाडी, नवा रस्ता, मघाशी गेलेला ट्रक. कल्याणी तेच म्हणणार होती.

उदयरावांनी गाडी बंद केली आणि दार उघडून खाली उतरले. पुढून वळसा घालून तिच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक तिकडे. घाट तू काढ."

"अहो, आजचा पहिलाच दिवस आहे. ब्याण्णव आहे म्हणते मी."

"मी ऐकलं. सरक."

ती स्टिअरिंगवर गेली. त्यांनी डबा उघडून खिचडी खायला घेतली. पाचच मिनिटांत ढेप मागे जाऊन पसरली आणि आकडा ऐंशीच्या वर गेला. संवेदक त्या दिवशी नव्वदच्या खाली आलाच नाही. म्हणजे ढेपचं बरोबर होतं की ती उगीचच पुढे आली होती, हे कळायला काही मार्ग उरला नाही, कारण त्यांनी आधीच खाल्लं होतं. कल्याणीला हे खटकलं. अशी तपासणी तिने प्रयोगशाळेत मान्य केली नसती.

उदयरावांनी डबा बंद केला, हात पुसले आणि छत उघडलं.

"चाळीसच्या वर जायला हरकत नाही," ते म्हणाले.

तिने गाडी सुरू केली आणि घाटात घातली.